मागचा गिअर उशिरा पडतोय? आधी दिशा बघा, मग स्क्रूला हात लावा

लिव्हर दाबली, टक् आवाज आला, पण चेन जागची हलली नाही. एक-दोन पॅडल मारल्यावर, कधी तर तुम्ही पुन्हा लिव्हर दाबायला बोट उचलता तेवढ्यात, ती एकदम उडी मारते. मग बॅरल ॲडजस्टर, म्हणजे मागच्या गिअरपाशी केबल शिरते तिथला हाताने फिरवायचा स्क्रू, अर्धा फेरा फिरवायचा. दोन-चार दिवस बरं चालतं. दुकानात नेली तर तिथेही तोच ॲडजस्टर फिरवून मिळतो आणि स्टँडवर सायकल झकास चालते. रस्त्यावर आली, चढ लागला, की ये रे माझ्या मागल्या.

रोड बाइकच्या मागच्या गिअरची तक्रार अशी परत परत येत असेल तर एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी: दोष ॲडजस्टरच्या जागेत नाही. ॲडजस्टर फक्त केबलचा ताण कमी-जास्त करतो. केबल कुठेतरी अडखळत असेल, तुटत आली असेल किंवा डिरेलरच (चेनला एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग; कॉग म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) वाकडा टांगलेला असेल, तर ताण कितीही बदला, उपाय दोन दिवसांचाच. बहुतेक सायकलींमध्ये गोम केबलच्या घर्षणात असते. ते कुठे आहे हे शोधायला फार हत्यारंही लागत नाहीत. चाक अधांतरी ठेवायची सोय, ॲलन की, टॉर्च आणि थोडा धीर पुरतो.

डिरेलर कोणाच्या जोरावर हलतो

मागचा डिरेलर सतत ओढाताणीत उभा असतो. केबल ओढली की तो आत, चाकाकडे, मोठ्या कॉगच्या दिशेने जातो. केबल सोडली की त्याच्यातली स्प्रिंग त्याला बाहेर, छोट्या कॉगकडे आणते. (मागे मोठा कॉग म्हणजे हलका गिअर, छोटा म्हणजे जड. यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो, म्हणून पुढे मी कॉगच्याच भाषेत बोलतो.)

मोठ्या कॉगकडे जाताना काम तुमचं बोट करतं. बोटात जोर भरपूर असतो. केबल थोडी अडकली तरी बोट तिला ओढून नेतं, फार तर लिव्हर जड लागते. छोट्या कॉगकडे येताना मात्र लिव्हर फक्त केबल सोडून देते. शिफ्टरपासून, म्हणजे लिव्हरच्या यंत्रणेपासून, डिरेलरपर्यंतची सगळी केबल, आउटरच्या (केबलवरच्या आवरणाच्या) प्रत्येक वळणातून, मागे खेचून घ्यायचं काम एकट्या स्प्रिंगवर पडतं. त्यात ही स्प्रिंग मोठ्या कॉगवर सगळ्यात जास्त ताणलेली असते आणि छोट्या कॉगपाशी सगळ्यात ढिली. म्हणून घर्षण वाढलं की पहिली कुरकुर शेवटच्या दोन-तीन छोट्या कॉगवर सुरू होते.

एवढं ध्यानात ठेवलं की निम्मं निदान झालं.

दिशेची परीक्षा

मागचं चाक अधांतरी करा. पुढे चेन एकाच चेनरिंगवर (पॅडलजवळच्या दातेरी चक्रावर) राहू द्या आणि हाताने पॅडल फिरवत मागचा एकेक गिअर टाका. आधी छोट्याकडून मोठ्याकडे, मग उलट. एका वेळी एकच क्लिक. घाईने तीन-तीन गिअर टाकलेत तर काहीच कळणार नाही.

मोठ्या कॉगकडे जाताना चेन रेंगाळते, उलटं येताना मात्र पटापट पडते? ताण कमी आहे. सायकलच्या मागे उभं राहून पाहिलं तर ॲडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवायचा, तो बाहेर येतो आणि ताण वाढतो. पुन्हा तपासायचं, लागला तर आणखी पाव फेरा. केबल नवी घातलेली असेल तर हे अगदी साहजिक आहे. आउटरची टोकं आपापल्या जागी बसेपर्यंत ताण थोडा उतरतो. एकदा, फार तर दोनदा करावं लागतं आणि विषय संपतो.

छोट्या कॉगकडे येताना रेंगाळते, जाताना ठीक? एक तर ताण जास्त आहे, नाहीतर घर्षण आहे. खरी फसगत इथे होते, कारण दोन्हींची खूण सारखीच. ओळखायचं असं: ॲडजस्टर पाव-पाव फेऱ्याने आत घेत जा. ताणच जास्त असेल तर एका ठिकाणी दोन्ही दिशा स्वच्छ चालायला लागतील. घर्षण असेल तर छोट्याकडे येणं सुधारतं त्याच क्षणी मोठ्याकडे जाणं बिघडतं. पुन्हा ताण वाढवला की हे बरं, ते वाईट. दोन्ही दिशांना एकदम बरी अशी जागा सापडतच नाही. असं झालं की ॲडजस्टर सोडून द्या, त्याच्याकडे याचं उत्तर नाही.

आणि फक्त शेवटचा, सगळ्यात छोटा कॉगच पडत नसेल, बाकी सगळे वेळेवर पडत असतील, तर बाहेरच्या बाजूचा लिमिट स्क्रू (डिरेलरने किती लांब सरकायचं याची हद्द ठरवणारा), ज्यावर एच लिहिलेलं असतं, जास्त आत गेला असण्याची शक्यता आहे. केबल पूर्ण सैल करून मागून पाहा: वरचं जॉकी व्हील (डिरेलरमधल्या दोन छोट्या चाकांपैकी वरचं) सगळ्यात छोट्या कॉगच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत यायला हवं. लिमिट स्क्रूचा संबंध फक्त दोन टोकांशी. मधले गिअर उशिरा पडतात म्हणून ते स्क्रू फिरवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आतल्या बाजूचा, एल लिहिलेला, स्क्रू उगाच बाहेर काढलात तर चेन मोठ्या कॉगवरून थेट स्पोकमध्ये जाऊ शकते, हा धोका वेगळाच.

घर्षण आहे याची डोळ्यांनी खात्री करायची असेल तर कॅसेटच्या, म्हणजे मागच्या सगळ्या कॉगच्या संचाच्या, मधला एखादा कॉग निवडा. एकदा छोट्या बाजूने त्यावर या आणि मागून, डोळा कॉगच्या रेषेत आणून, वरचं जॉकी व्हील नेमकं कुठे उभं आहे ते बघा. मग मोठ्या कॉगवर जाऊन तिथून त्याच कॉगवर परत या. लिव्हर तीच, क्लिक तीच, कॉग तोच. तेव्हा व्हीलही त्याच जागी उभं राहायला हवं. पण केबल अडखळत असेल तर परत येताना ते थोडं आतच थांबतं. हा फरक मिलिमीटरभर असला तरी नजरेत भरतो.

मिलिमीटरने काय होतंय, असं वाटेल. ६-स्पीडच्या, म्हणजे मागे सहा कॉग असण्याच्या, काळात शेजारच्या दोन कॉगच्या मध्यांमधलं अंतर सुमारे ५.५ मिमी होतं. ८-स्पीडला ते ४.८ झालं, १०-स्पीडला ३.९५, ११-स्पीडला जेमतेम ३.७. तेव्हा मिलिमीटरभर चूक म्हणजे पुढच्या कॉगच्या रस्त्यावर पाव वाटेपेक्षा जास्त. शिमानो कंपनीने १९८४ मध्ये ड्युरा-एस या आपल्या रोड बाइकच्या भागांच्या ७४०० मालिकेत क्लिकवर चालणारे ६ गिअर आणले. त्याआधी फ्रेमवरची लिव्हर अंदाजाने सरकवायची असे आणि केबल अडली तर हात नकळत थोडी जास्त ओढून ती चूक भरून काढी. क्लिक आली तशी ही सवलत गेली, आणि प्रत्येक नव्या पिढीत कॉग जवळ येत गेले तशी चुकीला जागाच उरली नाही. म्हणून जुन्या ७-स्पीडवर वर्षानुवर्षं चाललेली गंजकी केबल ११-स्पीडवर आठवडाभरही खपत नाही.

अडतंय कुठे

आता घर्षण कुठल्या भागात आहे ते. चेन मोठ्या कॉगवर न्या, पॅडल थांबवा. मग पॅडल न फिरवता लिव्हरने सगळ्या क्लिक छोट्या कॉगपर्यंत सोडून द्या. डिरेलर आतच राहतो आणि केबल सैल पडते. फ्रेमवर आउटर अडकवायचे खाचेचे स्टॉप असतील तर आता आउटरची टोकं त्यातून अलगद बाहेर निघतात. आउटरचा प्रत्येक तुकडा इनरवर, म्हणजे आतल्या तारेवर, मागे-पुढे सरकवून पाहा. चांगला तुकडा सायकल किंचित तिरकी केली तरी आपोआप घसरतो. वाईट तुकडा खरखरतो, एखाद्या ठिकाणी अडतो, आणि तो सरकवल्यावर इनरवर तपकिरी किंवा काळपट डाग दिसतात.

केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर हे जमत नाही. तिथे डिरेलरवरचा केबलचा बोल्ट सैल करा, इनरचं टोक एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताने लिव्हर चालवा. टोकाला हलका ताण देत राहा. लिव्हर सोडल्यावर केबल हाताच्या हलक्या ओढीने गुळगुळीत मागे यायला हवी. हिसके देत आली, मध्येच थबकली, तर अडचण केबलच्या वाटेवर किंवा शिफ्टरमध्ये. केबल मोकळी केलीच आहे तर डिरेलरही तपासून घ्या. तो हाताने आत ढकला आणि सोडा. झटक्यात बाहेर आला पाहिजे. सुस्तावल्यासारखा आला तर त्याच्या सांध्यांत घाण आहे: जुन्या ब्रशने सांधे साफ करा, प्रत्येक पिनवर पातळ तेलाचा एकेक थेंब, दहा-बारा वेळा हाताने आत-बाहेर, वरचं तेल पुसून टाका. कैक वेळा एवढ्यावरच काम भागतं.

आता नेहमीच्या जागा.

सगळ्यात बदनाम म्हणजे डिरेलरमध्ये शिरणारा आउटरचा शेवटचा वळसा. तो सायकलच्या खालच्या अंगाला असतो, मागच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि धूळ थेट त्याच्यावर येते, आणि आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसते. बाकीची केबल ठणठणीत असूनही हा एक वीतभर तुकडा सगळा खेळ बिघडवतो. तो फार आखूड असेल तर डिरेलर एका टोकाला गेल्यावर आउटर ताणला जातो आणि कोन तीव्र होतो. फार लांब असेल तर वळसा हेलकावे खातो. कुठेही मुरड न पडता सहज गोल वळण यायला हवं. पूर्ण केबल बदलायची नसेल तरी हा तुकडा बदलून बघाच. सगळ्या उपायांत माझा भरवसा यावर सर्वांत जास्त.

दुसरी जागा कोणी वाकून बघत नाही: बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा ॲक्सल बसतो त्या भागाच्या) खाली. उघड्या केबलच्या बऱ्याच फ्रेममध्ये तिथे प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते आणि तिच्या खोबणीतून केबल मागे वळते. सायकल उलटी करा, टॉर्च मारा. पावसातला चिखल तिथे वाळून घट्ट होतो. त्यात बाटलीतून सांडलेलं गोड पेय डाउन ट्यूबवरून (फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवरून) ओघळत नेमकं तिथेच येऊन थांबतं आणि वाळल्यावर डिंकासारखं चिकटतं. वर घाम. कोमट पाणी आणि थोडा साबण लावून ब्रशने घासा, केबल खोबणीतून उचलून तिची खालची बाजूही पुसा. खोबणीत केबलने खोल चर पाडली असेल तर पट्टीच बदला. ती एका स्क्रूवर बसलेली असते.

तिसरी: हँडलबार पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. वळवताना गिअर आपोआप सरकत असेल किंवा डिरेलर हलत असेल, तर पुढचा आउटर आखूड आहे. फ्रेमच्या आतून केबल जाणाऱ्या सायकलींत आणखी एक प्रकार आढळतो. पुढच्या आणि मागच्या डिरेलरच्या केबल डाउन ट्यूबमध्ये एकमेकींभोवती पीळ घालून बसलेल्या असतात. बाहेरून काहीच दिसत नाही, केबल नवी कोरी असते, तरी गिअर ढिम्म. पुढचा गिअर बदलताना मागचाही किंचित हलत असेल तर हा संशय घ्यावा.

आणि आउटरचा प्रकार. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ धावतात, त्यामुळे तो दाबाने आखूड होत नाही. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. कोणी गिअरला ब्रेकचा आउटर घातला असेल तर प्रत्येक क्लिकचा थोडा भाग तो आउटर दबण्यातच जातो आणि गिअर कधीच नेमका बसत नाही. कापलेलं टोक पाहिलं की कळतं. जाडीही वेगळी, गिअरचा साधारण ४ मिमी, ब्रेकचा ५. उलटी अदलाबदल, म्हणजे ब्रेकला गिअरचा आउटर, कधीही करू नका. जोरात ब्रेक दाबला तर तो फुटू शकतो.

शिफ्टरमधलं केबलचं डोकं

आता ज्या बिघाडामुळे "रोज थोडा थोडा ॲडजस्टर फिरवावा लागतो" तो. सावकाश बळावतो आणि शेवटी दगा देतो, म्हणून यावर जरा थांबतो.

हँडलबारच्या टेपखालून केबल नेणाऱ्या शिफ्टरमध्ये आतली केबल एका छोट्या चकरीभोवती बऱ्यापैकी तीव्र वळण घेते. प्रत्येक गिअरला ती तिथेच वाकते आणि सरळ होते. गिअरची इनर केबल १.२ मिमी जाडीची, बारीक तारांचा पीळ असलेली. हजारो वेळा एकाच ठिकाणी वाकल्यावर त्यातली एक तार तुटते. मग दुसरी. उरलेल्या तारा किंचित ताणल्या जातात, केबल लांबते, ताण उतरतो, आणि मोठ्या कॉगकडे चेन रेंगाळायला लागते. तुम्ही ॲडजस्टर पाव फेरा बाहेर काढता. बरं चालतं. आणखी एक तार जाते.

खुणा ठळक आहेत. ॲडजस्टर नेहमी एकाच दिशेने, बाहेरच, काढावा लागतोय. दोन वेळांमधलं अंतर कमी होत चाललंय. लिव्हरला पूर्वी नसलेली खरखर जाणवते. कधी छोट्या कॉगकडे येतानाही अडतं, कारण तुटलेल्या तारांची टोकं फिस्कारून आत कशाला तरी लागत असतात. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर केबल काढून बघायला उद्याचा मुहूर्त नको.

बघायचं असं. लिव्हरने सगळ्यात छोट्या कॉगवर या. केबलचं डोकं फक्त याच स्थितीत बाहेर निघतं. शिफ्टरवरचं रबरी आवरण, म्हणजे हूड, मागे गुंडाळा. डिरेलरकडचा बोल्ट सैल करून केबल शिफ्टरच्या दिशेने पुढे ढकला. शिफ्टरच्या अंगावरच्या छिद्रातून शिशाच्या मण्यासारखं डोकं बाहेर डोकावेल. त्यामागची दोन-तीन सेंटिमीटर केबल टॉर्चखाली बोटांनी हळू फिरवून पाहा. एखादीच तार केसासारखी बाहेर आलेली दिसली तरी ती केबल संपली असं समजा. काढताना बोटाला टोचतं, सांभाळून.

डोकं बाहेर येतच नसेल तर लिव्हर खटाखट दाबत बसू नका. तुटलेल्या तारा यंत्रणेत आणखी गुंडाळल्या जातात आणि मग चिमट्याने एकेक तुकडा उपसत बसावं लागतं. पूर्ण तुटलीच तर स्प्रिंग डिरेलरला सगळ्यात छोट्या कॉगवर नेऊन ठेवते आणि घरापर्यंतचा प्रत्येक चढ त्याच गिअरवर. अशा शिफ्टरची इनर केबल मी तुटायची वाट न बघता, दोन-तीन हजार किलोमीटरनंतर एकदा डोकं तपासून, शंका आली की बदलतो.

केबल बदलताना

इनर आणि आउटर दोन्ही बदला. जुन्या आउटरमध्ये नवी इनर हा अर्धवट उपाय आहे. खरखर आउटरच्या आतल्या नळीत असते.

आउटर कापायला केबल कटरच हवा. साध्या पकडीने टोक चेपतं आणि आतली प्लॅस्टिकची नळी बंद होते. कापल्यावर टोकाला कानशीने काटकोनात सपाट करा, मग टाचणीने आतली नळी गोल उघडा. आउटरच्या टोकावर घालायची टोपी पूर्ण खाली बसलीय ना, बघा. आउटरच्या तारा टोपीतून पुढे आलेल्या असतील तर टोक सतत आत रुतत राहतं आणि ताण पुन्हा पुन्हा उतरतो. परत परत येणाऱ्या तक्रारीचं हेही एक कारण आहे, आणि ते अगदी नव्या केबलमध्येही असतं.

बहुतेक चांगल्या आउटरमध्ये कारखान्यातूनच पातळ ग्रीस असतं. त्यात गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, ते ग्रीस धुऊन निघतं. बेअरिंगचं जाड ग्रीसही नको, थंडीत ते घट्ट होऊन स्वतःच अडवायला लागतं.

केबल फ्रेमच्या आतून जात असेल तर जुनी इनर ओढून काढायच्या आधी तिच्यावरून एक पातळ लांब प्लॅस्टिकची नळी सारून घ्या. मग जुनी काढा, नवी त्याच नळीतून घाला, नळी काढून घ्या. नाडी हातातून सुटली की पायजमा घेऊन बसायची जी वेळ येते, ती यामुळे टळते.

बोल्ट कसायच्या आधी ॲडजस्टर पूर्ण आत करून एक-दोन फेरे बाहेर घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना वाव राहतो. केबल बोल्टच्या ज्या बाजूने, ज्या खोबणीतून जायला हवी तिथूनच घाला. चुकीच्या बाजूने घातली तर केबल आणि सांध्यातलं अंतर बदलतं, एका क्लिकला डिरेलर कमी-जास्त सरकतो आणि काही गिअर बरोबर, काही चूक असा चमत्कारिक प्रकार होतो.

केबल निर्दोष निघाली तर

मग हँगर. डिरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे सायकल उजव्या अंगावर पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. भिंतीला टेकवलेली सायकल घसरून पडणंही पुरतं. खूण अशी: छोट्या कॉगवर सगळं जुळवलं तर मोठ्या कॉगवर बिघडतं, मोठ्यावर जुळवलं तर छोट्यावर. मागून पाहा, वरचं आणि खालचं जॉकी व्हील एका उभ्या रेषेत आणि कॉगला समांतर हवं. नजरेला वाकडं दिसत असेल तर ते बरंच वाकडं आहे. नजरेला सरळ दिसतंय म्हणून सरळ असेलच असं नाही.

नीट मोजायला हँगर गेज लागतं. ते डिरेलरच्या जागी आटून त्याचा दांडा रिमपर्यंत फिरवतात आणि घड्याळाच्या चार दिशांना अंतर बघतात. दर वेळी रिमचा तोच बिंदू, समजा व्हॉल्व्हजवळचा, गेजसोबत फिरवून आणायचा. म्हणजे रिम डगमगत असलं तरी मापात चूक येत नाही. चारही ठिकाणचा फरक सुमारे ४ मिमीच्या आत असेल तर चालतं, ११ किंवा १२ स्पीडला त्याहून कमी असलेला बरा. गेज नसेल तर एक जुनी युक्ती: हँगरचे आटे एम१० बाय १ (१० मिमी व्यास, १ मिमी अंतराचे) असतात आणि क्विक रिलीजच्या बऱ्याच मागच्या चाकांच्या ॲक्सलचेही तेच. दुसरं चाक हँगरमध्ये आटून दोन चाकं समांतर दिसतात का ते पाहता येतं. हँगर एकदा सरळ करता येतो, पुन्हा पुन्हा वाकवला तर तुटतो. तुमच्या फ्रेमचा एक सुटा हँगर आणून ठेवा, प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असतो आणि ऐनवेळी मिळत नाही. २०१९ मध्ये स्रॅम या कंपनीने सगळ्यांना चालेल असा एकच हँगर आणला, पण तो त्यासाठी बनवलेल्या फ्रेमवरच बसतो.

चेन. ११ आणि १२ स्पीडची चेन गेजवर ०.५ टक्के दाखवायला लागली की बदलावी. ९ आणि १० स्पीडला ०.७५ पर्यंत चालवतात. झिजलेली चेन आडवी जास्त लवते, त्यामुळे डिरेलर सरकला तरी चेन त्याच्यामागे लगेच जात नाही. उडी ठराविक अंतराने, कुठल्याही कॉगवर, येत असेल तर एखादी कडी आखडलेली आहे. चेन उलटी हळू फिरवली की जॉकी व्हीलवरून जाताना ती कुबड काढलेली दिसते. फक्त एकाच कॉगवर जोर दिल्यावर चेन सटकत असेल तर तो कॉग झिजलाय, तिथे डिरेलरचा काही दोष नाही.

कॅसेट बदलल्यापासून सगळेच गिअर मंद झाले असतील तर बी-स्क्रू, म्हणजे जॉकी व्हील कॉगपासून किती दूर राहील ते ठरवणारा स्क्रू, पाहा. चेन सगळ्यात मोठ्या कॉगवर असताना वरचं जॉकी व्हील आणि तो कॉग यांत साधारण ५-६ मिमी अंतर हवं. मोठी कॅसेट काढून छोटी घातली आणि स्क्रू तसाच राहिला की हे अंतर वाढतं, मधली चेन मोकळी लोंबते आणि प्रत्येक गिअर आळसावतो. मोठा कॉग हाताने हलवून कॅसेटही सैल नाही ना ते बघा, तिला धरून ठेवणारी लॉकरिंग साधारण ४० न्यूटन-मीटरने कसलेली असते. ११-स्पीडच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) शिमानोची ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट घातली असेल तर मागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतो (१०-स्पीडला त्याच्यावर आणखी १ मिमीचा), आणि चाकं बदलताना तो हमखास विसरला जातो.

वरचं जॉकी व्हील हातात धरल्यावर आडवं हलतं म्हणून झिजलं असं समजू नका. शिमानोच्या वरच्या व्हीलमध्ये तो खेळ मुद्दाम ठेवलेला असतो, चेनला कॉगच्या रेषेत स्वतः येता यावं म्हणून. डिरेलरचा पिंजराच खालच्या टोकाला धरल्यावर लडबडत असेल, तर मात्र सांधे झिजलेत आणि डिरेलर बदलायची वेळ आली आहे.

जोडणीच चुकीची असू शकते. जुन्या सायकलीवर एकेक भाग बदलत गेलं की हे होतं. शिमानोचे १०-स्पीड रोडचे जुने शिफ्टर आणि ११-स्पीडचा रोड डिरेलर एका क्लिकला वेगवेगळी केबल गृहीत धरतात. शिमानोचाच टियाग्रा ४७०० तर १०-स्पीड असूनही केबलच्या बाबतीत ११-स्पीडच्या घराण्यातला आहे, त्यामुळे "दोन्ही १०-स्पीडच आहेत की" म्हणून जोडलेला जुना शिफ्टर त्यावर कधीच नीट चालत नाही. अशा जोडीला ॲडजस्टरने मधले दोन गिअर जुळतात, टोकाचे हुकतात.

शेवटी शिफ्टर. लिव्हर दाबली पण क्लिकच आली नाही, नुसती पोकळ हलली, आणि थंडीत हे जास्त होतंय, तर आतलं जुनं ग्रीस घट्ट झालंय. केबल काढून, हूड मागे करून, आत डीग्रीजर फवारा, लिव्हर दोन्ही बाजूंनी चालवत राहा, काळं पाणी निघेल तसं पुन्हा फवारा. आतला खुंट खटक्याने बसायला लागला की पूर्ण वाळू द्या आणि मग पातळ तेल सोडा. हे करताना सायकल अशी धरा की डीग्रीजर ब्रेकच्या पॅडवर किंवा डिस्कवर ओघळणार नाही.